दुधाचे दात आणि मुलांची दंतपंक्ती

“दुधाचेच दात हायेत, पडतीनच कवा तरी.” मुलाची किडलेली दाढ दाखवली की आपल्या वऱ्हाडात हे वाक्य हमखास ऐकू येते. अकोट-तेल्हाऱ्याकडे ते याच शब्दांत येते, अमरावतीच्या राजापेठेत जरा शुद्ध भाषेत येते, पण अर्थ एकच. वाक्य खोटे नाही. दुधाचे दात पडतातच. सारा घोटाळा आहे तो “कवा तरी” या दोन शब्दांत. दुधाचा प्रत्येक दात कोणत्या वयात पडावा याचा क्रम ठरलेला आहे आणि तो क्रम बिघडला की त्याची किंमत पुढे दहा-बारा वर्षांनी, कायमच्या दातांकडून वसूल होते.

हा क्रम आधी समजून घेऊ. मुलाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात, खालच्या जबड्यात पुढे दिसतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वर दहा आणि खाली दहा असे वीस दात पुरे होतात: पटाशीचे आठ, सुळे चार आणि दाढा आठ. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात हलू लागतात, पडतात आणि घरात त्याचा एक छोटा समारंभ होतो. कोणी दात छपरावर फेकतो, कोणी उंदराच्या बिळात टाकतो. हा समारंभ पाहूनच आईबापांची समजूत होते की दुधाच्या दातांचे प्रकरण आता संपले. वास्तविक आठव्या वर्षापर्यंत जातात ते फक्त पुढचे आठ दात. सुळे आणि दाढा नवव्यापासून बाराव्या वर्षापर्यंत कामावर असतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलीच्या मागच्या दाढेला कीड लागली तर त्या दाढेची नोकरी अजून आठ-नऊ वर्षे शिल्लक आहे. एवढी वर्षे ठणकणारी दाढ घेऊन मूल जेवणार कसे? ते एका बाजूने चावते, भाकरी टाळते, वरणात कुस्करलेला भात मागते, रात्री रडत उठते. आणि आपण शेजाऱ्यांना सांगतो की पोर नीट खात नाही.

चावण्याखेरीज दुधाच्या दाढेचे दुसरे एक काम आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते. बडनेऱ्याला किंवा मूर्तिजापूरला गर्दीची गाडी आली की आपण खिडकीतून बाकावर रुमाल टाकतो आणि मग दारातून धक्के खात आत शिरतो. रुमाल जागेवर असेल तर जागा आपली. दुधाची दाढ हा असाच रुमाल आहे. तिच्या मुळांखाली, हाडाच्या आत, कायमचा दात तयार होत असतो. तो वर सरकू लागला की दुधाच्या दाढेची मुळे हळूहळू झिजतात, ती हलते, पडते आणि खालचा दात नेमका त्याच जागी उगवतो. पण रुमाल आधीच उडाला, म्हणजे पाचव्या-सहाव्या वर्षीच दाढ काढावी लागली, तर शेजारचा प्रवासी सरकून त्या जागेवर बसतो. मागाहून आलेला दात मग बाहेर उभा राहतो, आत वळतो किंवा हाडातच अडकून पडतो.

हा शेजारचा प्रवासी कोण? सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ. श्रोतेहो, आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही दाढ लक्षात ठेवावी. ती कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, काही न पडता, काही न दुखता, गुपचूप उगवते. त्यामुळे घरात तिचा पत्ता लागत नाही आणि लागला तरी तीही दुधाचीच समजली जाते. तिच्या चावण्याच्या पृष्ठभागावर खोल फटी असतात, तेथे अन्न अडकते, सहा वर्षांच्या मुलाचा ब्रश इतक्या मागे पोचत नाही, आणि नवव्या-दहाव्या वर्षी ती पोखरलेली सापडते. “काढून टाका, दुसरी येईल,” असे वडील सांगतात. दुसरी येत नाही. वरखालचे जबडे एकमेकांवर कसे बसायचे हे बऱ्याच अंशी याच चार दाढा ठरवतात. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली वेड्यावाकड्या दातांचे जे वर्गीकरण मांडले आणि जे आजही वापरात आहे, ते याच दाढांच्या परस्परसंबंधावर उभे आहे.

निसर्गाने जागेची थोडी शिल्लकही ठेवलेली असते. दुधाचा सुळा आणि दोन दाढा मिळून जितकी रुंदी होते, तिच्यापेक्षा त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातांची रुंदी कमी भरते. खालच्या जबड्यात दोन्ही बाजू मिळून सरासरी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास आणि वरच्या जबड्यात पावणेदोन-दोन मिलिमीटर जागा यातून उरते. पुढच्या दातांची किरकोळ गर्दी या शिल्लकीतून सुटू शकते. किडीने दाढांच्या बाजू खाल्ल्या, किंवा दाढच गेली, की ही शिल्लक मागची दाढ पुढे सरकून खाऊन टाकते. पुढे चौदाव्या वर्षी तारा लावून आणि कधी चांगले निरोगी दात काढून जी जागा मिळवावी लागते, ती पुष्कळदा पाचव्या वर्षी अशीच गमावलेली असते.

आता कीड लागते कशी ते पाहू. दाताला “कीड” लागते म्हणून आत खरोखर किडा असतो अशी समजूत जगभर होती. कानात धुरी देऊन तो किडा काढून दाखवणारे लोक बाजारात बसत. विलोबी मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये काम करून १८९० साली या कोड्याचा उलगडा केला. तोंडातले सूक्ष्म जंतू साखर आणि पिष्टमय पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते, आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण कवचातला चुना विरघळवते. पुढे १९४० च्या दशकात स्टीफन याने मोजून दाखवले की साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातावरील थर आम्ल होतो आणि लाळेला तो पूर्ववत करण्यास अर्धा ते एक तास लागतो. त्या वेळात कवच झिजते. मग लाळेतला चुना ते पुन्हा थोडे भरून काढतो. झीज आणि भरणी यांचा हा जमाखर्च दिवसभर चालतो. दुधाच्या दातांचे कवच कायमच्या दातांच्या जवळजवळ निम्म्या जाडीचे असते, त्यामुळे तेथे दिवाळे लवकर निघते.

या जमाखर्चातून एक गोष्ट निघते, जी आपल्या घरांतून उलटी समजली जाते. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली हे अधिक महत्त्वाचे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ नंतरच्या काही वर्षांत यावर मोठा प्रयोग झाला. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने दात फारसे किडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट टॉफीने भराभर किडले. तो प्रयोग मनोरुग्णालयातील असहाय लोकांवर, त्यांच्या संमतीवाचून झाला, आणि त्याचा निषेध झाला तो योग्यच झाला. परंतु त्यातून जे कळले ते खोटे ठरलेले नाही. म्हणून सणाच्या दिवशी पुरणपोळी पोटभर खाणाऱ्या मुलापेक्षा, दुपारभर थोडे थोडे सरबत पिणारे मूल अधिक धोक्यात असते. अकोल्याच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसवर गेला असता, मुलांना गोड थंड पेयाची बाटली हातात देऊन सावलीत बसवणे आईला सोयीचे वाटते. रसवंतीवर उसाचा रस एका बैठकीत पिऊन मोकळे झाले तर बिघडत नाही. हातात बाटली धरून तीन तास घोट घेत राहिले तर दातांना त्या तीन तासांत उसंतच मिळत नाही. वरूड-मोर्शीच्या संत्र्यालाही हाच न्याय. संत्रे सोलून खावे आणि वर पाणी प्यावे. त्याचा साखर घातलेला रस बाटलीत भरून मुलाच्या उशाशी ठेवू नये.

उशाशी म्हटले ते मुद्दाम. झोपेत लाळ फार कमी सुटते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे चार दात दोन वर्षांच्या आत काळे पडून खुंटासारखे उरतात. कापूस वेचणीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावर झोळीत ठेवलेल्या बाळाला गप्प राहावे म्हणून गोड पाणी किंवा चहात बुडवलेले बिस्कीट मिळते. शहरात तेच काम बाटली आणि चॉकलेट करते. शेतावरच्या आईला दोष देण्यात अर्थ नाही, तिला हात मोकळे हवे असतात. शहरातल्या आजोबांना मात्र सांगायला हरकत नाही की नातवावरचे प्रेम दुसऱ्या काही रीतीने दाखवावे. हा प्रश्न दहा-वीस घरांचाही नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांच्या दातांत कीड आढळली होती.

दात घासण्याविषयी सुश्रुताने पुष्कळ सांगितले आहे. कडू झाडांत कडुनिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज यांची काडी त्याने श्रेष्ठ मानली. काडी नीट चावून कुंचल्यासारखी केली तर दात स्वच्छ होतात यात संशय नाही. पण काडी दोन दाढांच्या मधल्या जागेत जात नाही, आणि लहान मुलाला ती साधतही नाही. राख, कोळसा, विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात ते कवच खरवडले जाते म्हणून. मशेरीबद्दल तर एवढेच सांगतो की आई मशेरी लावते तेव्हा मांडीवरचे मूलही बोट पुढे करते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे. घरी तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोणता कायदा आवरणार?

आज मुलांच्या दातांसाठी सर्वांत खात्रीचे आणि स्वस्त साधन म्हणजे फ्लोराइड असलेली टूथपेस्ट. फ्लोराइड झिजलेल्या कवचाच्या भरणीला मदत करते. वेष्टनावर त्याचे प्रमाण छापलेले असते. दशलक्ष भागांत हजार भाग असे दिसले की पेस्ट योग्य समजावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशभर जी नागमोडी पेस्ट दाखवतात ती पेस्ट खपण्यासाठी. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसाने घासून द्यावेत, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी. ज्याला स्वतःच्या बुटांची नाडी बांधता येत नाही, त्याला मागच्या दाढा घासता येत नाहीत असे समजण्यास हरकत नाही.

येथे पाण्याचा प्रश्न निघतो आणि तो वऱ्हाडात टाळून चालणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. खाऱ्या पाण्याने दात किडतात असे तिकडे अनेक लोक मानतात. पाण्यातल्या क्षारांनी दातावर किटण चढेल, कीड लागत नाही. काळजी करावी ती ज्याला चव नाही, वास नाही अशा फ्लोराइडची. पेस्टमधले फ्लोराइड दाताला वरून लागते आणि थुंकून टाकले जाते. विंधन विहिरीच्या पाण्यातून लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड रोज पोटात गेले तर हाडात तयार होत असलेल्या दातांवर पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग उमटतात. प्रमाण फार वाढले तर हाडेही बिघडतात. शेजारच्या यवतमाळ आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावे हे दुःख भोगत आली आहेत. डाग जन्मभर राहतात, कारण आठव्या वर्षापर्यंत अक्कलदाढा सोडून बाकीच्या दातांचे दिसणारे भाग बनून चुकलेले असतात. खारे पाणी जिभेला कळते, फ्लोराइड कळत नाही. म्हणून एकाच वस्तीतल्या पाच-दहा मुलांच्या पुढच्या दातांवर सारखे डाग दिसले तर दंतवैद्याकडे जाण्याच्याही आधी त्या विहिरीचे पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

कीड लागलीच, तर काय? दुधाची दाढ काढणे हा शेवटचा उपाय. लहान खड्डा असेल तर भरता येतो. कीड आतल्या मऊ गरापर्यंत गेली असेल तर दुधाच्या दाढेचीही मुळे स्वच्छ करून वर धातूची टोपी बसवता येते. फार लहान किंवा खुर्चीत न बसणाऱ्या मुलासाठी चांदीचे एक द्रावण निघाले आहे, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. किडलेल्या जागी थेंबभर लावले की कीड बहुधा थांबते. जागा काळी पडते, हा त्याचा दोष. पण दुधाच्या मागच्या दाढेत काळा डाग कोण पाहतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. आणि दाढ काढावीच लागली तर तिच्या जागी तारेचा एक छोटा फासा बसवतात, त्याने शेजारचा प्रवासी सरकत नाही. काढण्याच्या वेळीच त्याबद्दल विचारावे. सहाव्या वर्षीच्या दाढेच्या फटी कीड लागण्यापूर्वीच बुजवून घेण्याचा उपायही आहे. त्याला दहा मिनिटे लागतात, सुई लागत नाही.

आता वेड्यावाकड्या दातांकडे वळू, कारण पालकांच्या मनात खरी भीती त्यांची असते. गंमत अशी की ज्या दोन गोष्टींनी आईबाप धावत येतात त्या बहुधा निरुपद्रवी असतात. सात-आठ वर्षांच्या मुलाचे वरचे पुढचे दोन दात फाकलेले, मध्ये फट असलेले दिसतात. ही फट पुष्कळ मुलांत बाराव्या वर्षाच्या सुमारास, सुळे खाली उतरले की आपोआप मिटते. ती आधीच तारेने ओढून बंद करण्याची घाई केली तर वर हाडात असलेल्या सुळ्यांना अडथळा होण्याची भीती. दुसरी गोष्ट, खालचे कायमचे दात दुधाच्या दातांच्या मागे, दुसऱ्या रांगेत उगवतात. दुधाचे दात पडले की जीभ त्यांना पुढे ढकलते. दुधाचा दात मुळीच हलत नसेल तेवढा दाखवावा.

ज्या गोष्टींसाठी खरोखर धावत यावे त्या मात्र घरच्यांना दिसत नाहीत. जेवणाच्या डब्याचे झाकण जसे डब्याच्या बाहेरून बसते, तसे वरचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेरून बसले पाहिजेत. काही मुलांत एका बाजूच्या वरच्या दाढा आत बसतात. मग मूल तोंड मिटताना खालचा जबडा बाजूला सरकवते, आणि सवयीने चेहरा एकीकडे झुकत वाढू शकतो. टाळूच्या मधोमध हाडाचा जोड असतो, तो पौगंडावस्था उलटेपर्यंत पक्का होत नाही. तोवर एका छोट्या स्क्रूने वरचा जबडा रुंद करता येतो. पुढे ते काम अवघड होते, कधी शस्त्रक्रियेवर जाते. खालचा जबडा पुढे आणि वरचा मागे राहिलेला असेल तर वरच्याला पुढे आणण्याचे उपाय दहाव्या वर्षाच्या आत जितके साधतात तितके नंतर साधत नाहीत. अंगठा चोखण्याची सवय तीन-चार वर्षांपर्यंत चालू दिली तरी बिघडत नाही. पुढचे कायमचे दात येण्याच्या वेळी, म्हणजे सहाव्या वर्षीही ती चालू असेल तर वरचे दात पुढे आणि खालचे मागे जातात. अंगठ्याला कडू लावणे, चटका देणे, चारचौघांत हसणे यांनी सवय लपते, जात नाही. सतत तोंड उघडे टाकून झोपणाऱ्या, घोरणाऱ्या मुलाला आधी नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्यावे.

आणि सुळे. दहाव्या वर्षी वरच्या ओठाआड, हिरडीवर बोट फिरवले तर सुळ्याचा उंचवटा लागला पाहिजे. लागला नाही तर तो टाळूकडे वळला असण्याचा संभव. स्वीडनच्या एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ साली दाखवले की दहा ते तेरा वर्षांच्या अशा मुलांचा दुधाचा सुळा फक्त काढून टाकला, तर १०० पैकी ७८ वळलेले सुळे आपले आपण वाटेवर आले. एक दुधाचा दात वेळेवर काढणे आणि पुढे हाड उघडून सुळा ओढून आणणे यांत किती अंतर आहे हे सांगायला नको. दुधाचा दात जपायचा म्हटले तरी तो कधी काढायचा हेही वेळेचेच शास्त्र आहे.

मग सगळ्याच मुलांना लहानपणीच तारा लावाव्यात काय? नाही. ही गोष्ट मी जरा जोर देऊन सांगतो, कारण अलीकडे शहरांतून लवकर तारा लावण्याची हौस वाढते आहे. वरचे दात पुढे आलेल्या मुलांवर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना व फ्लोरिडा येथे आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे काळजीपूर्वक तौलनिक प्रयोग झाले. काही मुलांवर आठ-नऊ वर्षांच्या वयात एकदा आणि पुढे किशोरवयात पुन्हा, असे दोन टप्प्यांत उपचार केले. काहींवर किशोरवयात एकदाच. शेवटी दोन्ही गटांचे दात आणि जबडे जवळपास सारखेच झाले. लवकर केलेल्यांचा एक फायदा उरला, त्यांचे पुढचे दात पडून-आपटून फुटण्याचे प्रमाण कमी झाले. म्हणून दात फार पुढे असतील, मूल खेळकर असेल किंवा शाळेत त्याला चिडवून हैराण करत असतील तर लवकर उपचार करावेत, एरवी थांबावे. सातव्या वर्षी तपासणी करावी असे या शास्त्राचे जाणकार सांगतात. त्या सांगण्याचा अर्थ सातव्या वर्षी तारा असा कोणी लावला तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेण्यास संकोच करू नये.

उशीर होतो तो दुसऱ्याच कारणाने. आपल्याकडे मुलीला अठरा-एकोणीस वर्षांची झाल्यावर दंतवैद्याकडे आणतात आणि विचारतात, “येत्या हिवाळ्यात पाहुणे पाहायला यायचे आहेत, तोवर दात सरळ होतील ना?” दात सरकवणे त्याही वयात शक्य आहे. दाताच्या एका बाजूला हळुवार दाब दिला की तेथले हाड विरते, मागे नवे भरते, आणि दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर चालतो. जोर वाढवून तो वेग वाढत नाही, मुळे मात्र झिजतात. पण जबड्याची वाढ तोवर संपलेली असते. जे बाराव्या वर्षी वाढीला वळण देऊन झाले असते ते आता दात काढून किंवा शस्त्रक्रियेने करावे लागते, आणि एका हिवाळ्यात तर मुळीच होत नाही, दीड-दोन वर्षे लागतात. शिवाय मुलाचे दात पुढे असले तर “मर्दाला काय होते” म्हणून कोणी आणीतच नाही. चेहऱ्यापेक्षा चावणे, घासणे आणि दुखापत यांचा हा प्रश्न आहे, आणि तो मुलगा-मुलगी पाहत नाही. तारा लावल्यावर दात नीट घासले गेले नाहीत तर तारा काढल्यानंतर दातांवर पांढरे चट्टे उरतात, आणि नंतर दात धरून ठेवणारी पट्टी वापरली नाही तर ते परत वाकडे होतात, हेही आधीच समजून घ्यावे.

दुखापतीवरून एक उपयोगी गोष्ट. अमरावतीला व्यायामाचे वेड जुने आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून मुलांना मैदानावर आणत आहे. कबड्डीत, सायकलवरून पडून, कायमचा दात मुळासकट बाहेर पडला तर तो शोधावा, मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरावा, मातीने भरला असेल तर पाण्याने क्षणभर धुवावा, घासू नये, आणि तेथेच खळगीत परत बसवून मुलाला रुमाल चावायला द्यावा. हे साधले नाही तर तो दुधात टाकून दंतवैद्याकडे धाव घ्यावी. अर्ध्या तासात बसवलेला दात जगण्याची आशा चांगली असते, तासानंतर ती फार कमी होते. कागदात गुंडाळून कोरडा आणलेला दात बहुधा वाया जातो. दुधाचा दात असा पडला तर परत बसवू नये, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

हे उपचार मिळतात कोठे? एके काळी वऱ्हाडच्या माणसाला दातांसाठी मुंबई गाठावी लागे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली निघाले. अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली उपचार करतात, खेपा जास्त पडतात, खर्च कमी पडतो. अमरावतीचे इर्विन आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथेही दंतवैद्य आहेत. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा मुले तपासतात. त्यांच्या यादीत दातांची कीड आहे आणि दुभंगलेला ओठ-टाळूही आहे. त्याची शस्त्रक्रिया मोफत होते. धारणीच्या पाड्यावरून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, घाट उतरून. तिकडच्या मुलांसाठी हातातल्या साध्या अवजारांनी, विजेवाचून कीड खरवडून दाढ भरण्याची पद्धत टांझानियात १९८० च्या दशकात निघाली. मेळघाटात ती जितकी वापरावी तितकी थोडीच.

शहरातील खाजगी विनाअनुदानित शाळेत मात्र हे पथक येत नाही. तेथील पालकांनी मुलाला पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा, त्यानंतर दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला दाखवावे आणि सहा वर्षे पुरी झाल्यावर घरीच, उजेडात, आ करायला लावून दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पाहावे. हिरडीतून पांढरी टोके वर आलेली दिसली तर तीच ती दाढ.